ट्रुकच्या लगूनमध्ये बुडालेल्या जहाजांवर उतरताना

पॅसिफिकमधल्या ट्रुकला डाइव्ह करणाऱ्याला समुद्र त्रास देत नाही. पाणी वर्षभर २८-२९ अंशांवर, लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या पाण्याच्या, आत प्रवाह जवळजवळ नाही, आणि बऱ्या दिवशी १५ ते ३० मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं. मालवणला पाच मीटर दिसलं तरी खूश होणाऱ्या माणसाला इथे पहिल्याच उडीत १३० मीटर लांबीचं जहाज जवळपास निम्मं एका नजरेत मावतं. बेसावधपणा येतो तो इथूनच. इथले अपघात लाटांमुळे होत नाहीत. ते होतात जहाजाच्या पोटातला गाळ, छताचा गंज आणि सिलिंडरमधल्या हवेचा चुकलेला हिशेब यांमुळे. म्हणून पुढे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं हिशेबाबद्दलच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पाण्याखाली जे दिसतं त्याचा अर्थ तिच्यावाचून लागत नाही. ट्रुक म्हणजे आजच्या मायक्रोनेशिया संघराज्यातलं चुउक राज्य. सुमारे २२५ किलोमीटर घेराचं प्रवाळाचं कडं आणि त्याच्या आत डोंगराळ बेटं. जपानी आरमाराचा हा पॅसिफिकमधला मोठा तळ होता. ४ फेब्रुवारी १९४४ ला अमेरिकन टेहळणी विमानं वरून जाताना दिसली, आणि जपानने मोठ्या युद्धनौका घाईघाईने बाहेर काढल्या. मागे राहिली ती मुख्यतः मालवाहू जहाजं, तेलवाहू जहाजं आणि काही लहान लढाऊ नौका. १७ आणि १८ फेब्रुवारीला अमेरिकन विमानवाहू नौकांवरच्या विमानांनी ‘ऑपरेशन हेलस्टोन’मध्ये त्यांतली चाळीसहून अधिक जहाजं बुडवली आणि अडीचशेच्या आसपास विमानं नष्ट केली. बरीचशी जहाजं नांगरावरच, माल उतरवायच्या आधीच बुडाली. त्यामुळे होल्ड, म्हणजे मालाच्या कोठ्या, भरलेले आहेत. लगूनमध्ये लाटांचा मारा नाही, म्हणून सांगाडे इतकी वर्षं टिकले. आता मात्र ते झपाट्याने ढासळू लागले आहेत. दहा वर्षांपूर्वीच्या नकाशातली वाट आज उघडी असेलच असं नाही. जुने व्हिडिओ बघून आत शिरायचा बेत करू नये.

कागदपत्रं. मायक्रोनेशियाला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, परतीचं तिकीट मात्र दाखवावं लागतं. अडचण ग्वामची आहे. मुंबईहून मनिला, टोकियो किंवा सोलमार्गे ग्वाम, आणि तिथून युनायटेडच्या ‘आयलंड हॉपर’ने साधारण दीड तासात चुउकचं वेनो बेट, ही नेहमीची वाट. ग्वाम म्हणजे अमेरिका. भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकन व्हिसा लागतो, आणि जाताना-येताना दोनदा उतरायचं असल्यामुळे तो एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. आम्ही बोटीचं आरक्षण व्हिसा हातात आल्यावरच करतो, आधी कधीच नाही. वेनोला चुउक राज्याचा डाइव्हिंगचा परवाना घ्यावा लागतो आणि स्थानिक गाइडबरोबरच उतरायचं असतं. जहाजावरची कुठलीही वस्तू उचलणं गुन्हा आहे. विमा डाइव्हिंगचा वेगळा काढावा आणि त्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे वाचून घ्यावं. प्रकरण गंभीर झालं तर शेवटी ग्वाम गाठावं लागतं.

पात्रतेचं बोलायचं तर ओपन वॉटर या पहिल्या कोर्सच्या १८ मीटरच्या मर्यादेत इथे डोलकाठ्या आणि वरचे डेक दिसतात, बस. निदान ॲडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा) वापरायचा कोर्स हवाच. त्यावर डीप (खोल डाइव्ह) आणि रेक (बुडालेली जहाजं) हे कोर्स केले असले तर पैसे वसूल होतात. एक लक्षात ठेवावं: रेकच्या साध्या कोर्समध्ये आत शिरण्याची मर्यादा खोली आणि आडवं अंतर मिळून ४० मीटर इतकीच असते, आणि तीही बाहेरचा उजेड दिसतो तिथपर्यंत. इंजिनखोल्या या मर्यादेत बसत नाहीत. तारकर्ली किंवा गोव्यात शिकलेल्यांनी जायच्या आधीचा एक हंगाम फक्त तरंगण्याच्या तोलावर घालवावा. तळापासून अर्धा मीटर वर, आडवं, हात न हलवता पाच मिनिटं एका जागी राहता येत नसेल, तर ट्रुकचे पैसे साठवून ठेवलेले बरे.

आता हवेचा हिशेब. इथलं नेहमीचं सिलिंडर ८० घनफुटी ॲल्युमिनियमचं, म्हणजे ११.१ लिटरचं. भरलेलं २०० बार दाबाचं धरलं तर २,२२० लिटर हवा. निवांत पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला १८ लिटर वापरतो असं समजू. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला ७२ लिटर. कागदावर अर्धा तास निघतो. पण बडीची, म्हणजे सोबतच्या जोडीदाराची, हवा अचानक बंद पडली तर दोघांनी एका सिलिंडरवर वर यायचं आहे, आणि घाबरलेला माणूस १८ नाही, ३० लिटर ओढतो. दोघांचे ६०. तळाशी गोंधळ निस्तरायला एक मिनिट: ६० गुणिले ४, २४० लिटर. वर यायला चार मिनिटं सरासरी अडीच बार दाबाने: ६०० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: २७० लिटर. एकूण १,११० लिटर, म्हणजे या सिलिंडरचे बरोबर १०० बार. उरलेल्या शंभरात ३० मीटरवर जेमतेम १५ मिनिटं मिळतात, आणि तीही बाहेरून बघण्याची. ‘५० बार उरले की वर या’ हा उथळ पाण्यातल्या सहलीचा नियम इथे चालत नाही.

आत शिरायचं तर दुहेरी सिलिंडर हवं, पाठीवर किंवा कुशीला. ४,४४० लिटरचे तीन भाग करायचे: एक जायला, एक यायला, एक बडीसाठी. जायचा भाग १,४८० लिटर, ३० मीटरवर वीस मिनिटं. त्यातली उतरतानाची हवा वजा केली की आतल्या वाटेला १५-१६ मिनिटंच राहतात. हे आकडे आम्ही आदल्या रात्री पाटीवर लिहितो. बोटीवर गाइड पीएसआय या अमेरिकन दाबाच्या एककात बोलतो आणि आपला गेज बारमध्ये असतो, म्हणून वळायचा आकडा दोन्हींत लिहून ठेवायचा. १,००० पीएसआय म्हणजे सुमारे ६९ बार. शिवाय सिलिंडर गरम असताना ३,००० पीएसआय दाखवतं आणि गार झाल्यावर २,८०० वर येतं. हिशेब गार आकड्यावर करायचा.

नायट्रॉक्स मिळत असेल तर घ्यावंच. ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण, ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाच्या मर्यादेने, ३३ मीटरपर्यंत चालतं, २८ टक्क्यांचं ४० मीटरपर्यंत. ३० मीटरवर, वर येताना सक्तीचे थांबे न घेता, साध्या हवेने तक्त्याप्रमाणे २० मिनिटं मिळतात, ३२ टक्क्यांवर साधारण ३०. दिवसाला तीन-चार डाइव्ह ओळीने आठवडाभर करायच्या असतील तर हा फरक मोठा आहे. सिलिंडर दुसऱ्याने तपासलेलं चालवून घ्यायचं नाही. ऑक्सिजन मोजायचा ॲनालायझर आधी साध्या हवेवर २०.९ ला लावायचा, मग आपलं सिलिंडर आपण मोजायचं, आणि टेपवर टक्के, खोलीची मर्यादा व नाव लिहायचं.

पहिली डाइव्ह नेहमी सोपी ठेवावी. आम्ही बहुधा शिंकोकू मारू घेतो. १५२ मीटरचं तेलवाहू जहाज, पर्ल हार्बरवर गेलेल्या ताफ्याला इंधन पुरवणाऱ्यांपैकी एक. सरळ उभं आहे, नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाकडचा, डेक १२ मीटरच्या आसपास, आणि मऊ प्रवाळाने असं मढलेलं की पहिली दहा मिनिटं जहाज दिसतच नाही. इथे वजन तपासायचं. तीन मिलिमीटरच्या सूटमध्ये, शेवटी ५० बार उरलेले असताना, पाच मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे, कारण ॲल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होताना वर ओढू लागतं. सुरुवातीला तोल नेमका वाटला आणि शेवटी डोलकाठीला लटकावं लागलं, तर एक-दीड किलो शिसं कमी आहे. डेकवर हात टेकताना बघून टेकावा. लायनफिश आणि दगडासारखा दिसणारा स्टोनफिश दोन्ही इथे असतात.

दुसऱ्या दिवशी फुजिकावा मारू. १९३८ ची बांधणी, १३२ मीटर, एतेन बेटाजवळ सरळ उभी. डेक १५-१८ मीटरवर, तळ ३४ च्या आसपास. नाळेवर सहा इंची तोफ, पुढच्या होल्डमध्ये जपानी झीरो लढाऊ विमानांचे सांगाडे. होल्डमध्ये उतरणं म्हणजे आत शिरणं नव्हे. वर आभाळाएवढं तोंड उघडं असतं. तरी विमानाच्या कॉकपिटवर तरंगताना पायाचा एक फटका बसला की मागच्या तिघांना काहीच दिसत नाही. पाय वर, गुडघे वाकवलेले, बेडकासारखी बाजूला ढकल. वरखाली मारायची कात्रीसारखी ढकल इथे विसरायची.

इंजिनखोली हा वेगळा विषय. वरून उजेडाच्या खिडक्यांतून उतरलं की लोखंडी जिने, जाळीचे पूल, वाफेचे-तेलाचे नळ, आणि सगळ्यावर रांगोळीपेक्षा बारीक गाळ, त्यात जुनं तेल मिसळलेलं. पाय कितीही सांभाळले तरी श्वासाचे बुडबुडे छताला लागतात आणि तिथला गंज सुटतो. तो लगेच पडत नाही, थोड्या वेळाने पडतो. त्यामुळे जाताना पाणी काचेसारखं आणि परतताना तीच वाट तांबडी, अशी गत होते. पहिल्या माणसाला सगळं दिसतं, चौथ्याला काहीच नाही. म्हणून आत तिघांहून जास्त माणसं नकोत, कुठे थांबून बघत बसायचं नाही, आणि शक्यतो सकाळची पहिली बोट आपली असावी.

दोरीबद्दल मतभेद आहेत. इथले गाइड जहाज घरासारखं ओळखतात आणि बहुतेक वेळा दोरी लावत नाहीत. आम्ही लावतो. बाहेरचा उजेड दिसेनासा झाला की गाइडची ओळख त्याच्या कामाची, आपल्या नाही. गाळ उठला तर तो आपल्याला दिसणारच नाही. पहिली गाठ बाहेर, उघड्या पाण्यात. दुसरी दाराच्या लगेच आत. मग दर वळणावर एक, दोरी एका बाजूला आणि खाली ठेवून. गाठ पातळ पत्र्याला बांधायची नाही. गंजलेली कड दोरी कापते आणि ओढ बसली तर पत्राच हातात येतो. जाड नळ किंवा यंत्राचा पाया बघावा. छतावरून लोंबणाऱ्या विजेच्या तारा सिलिंडरच्या झडपेत अडकतात. अडकलं तर पुढे रेटायचं नाही, एक हात मागे यायचं, बहुतेक वेळा सुटतं. होकायंत्र आत निरुपयोगी, चहूकडे लोखंड असल्यामुळे सुई वाटेल तिकडे फिरते. प्रत्येकाकडे तीन दिवे: अरुंद झोताचा एक मुख्य, दोन राखीव. फोटोचा रुंद दिवा गाळात फक्त धुकं उजळवतो.

दिसेनासं झालं तर आधी थांबायचं. दोरी हातात, अंगठा आणि बोटाच्या गोल पकडीत. बडीचा दंड धरायचा, आणि दाबून-ढकलून ठरवलेल्या खुणांनी बाहेर सरकायचं. दोरी नसेल तर दिवा बंद करण्यापेक्षा छातीशी दाबून धरावा. डोळे सरावले की कुठेतरी निळसर उजेड दिसतो, तिकडे दार किंवा फट असते. फटीतून माणूस जातोच असं नाही, म्हणूनच आत जाताना दर वळणावर मागे वळून बघायची सवय लागते. परतीची बाजू जातानाच्या बाजूसारखी दिसत नाही.

हेइआन मारूवर या सगळ्यात आणखी एक भर पडते. सुमारे १५५ मीटरचं, आधी प्रवासी जहाज आणि मग पाणबुड्यांचा पुरवठातळ. ते डाव्या कुशीवर पडलं आहे. नाळेवर नाव अजून वाचता येतं, आत टॉर्पेडो आहेत, बोळात पाणबुड्यांचे पेरिस्कोप. कुशीवर पडलेल्या जहाजात भिंत जमीन होते, जिने आडवे होतात, दारं म्हणजे डोक्यावरच्या आणि पायाखालच्या खिडक्या. मेंदू तरीही जिना बघून ‘वर इकडे’ म्हणतो. अशा वेळी बुडबुडे कुठे जातात एवढंच खरं मानायचं. यावर एक छान उपाय आहे. हेइआनचं जुळं जहाज हिकावा मारू योकोहामाच्या यामाशिता बागेपाशी संग्रहालय म्हणून उभं आहे. टोकियोमार्गे जाणार असाल तर एक दुपार तिथे काढावी, इंजिनखोलीसकट. तेच जिने, तेच बोळ उजेडात आणि सरळ चालून पाहिलेले असले की पाण्यात निम्मा गोंधळ कमी होतो.

सॅन फ्रान्सिस्को मारूचं नाव ऐकूनच बरेच जण येतात. डेकवर तीन हलके रणगाडे, होल्डमध्ये सुरुंग, ट्रक, टॉर्पेडो. डेक ५० मीटरवर, तळ ६० च्या पुढे. लोक इथे एका सिलिंडरवर, साध्या हवेवर उतरतात, आणि बरेचदा सुखरूप परततातही. आमच्या मते हे बरोबर नाही, आणि कारण आकड्यांतच आहे. ५० मीटरवर दाब सहापट, मिनिटाला १०८ लिटर. तळाशी २० मिनिटं म्हणजे २,१६० लिटर, एक सिलिंडर तिथेच संपलं. शिवाय त्या खोलीवर साध्या हवेची घनता लिटरला सात ग्रॅमच्या वर जाते, तर वरची मर्यादा सुमारे सहा ग्रॅम मानली जाते. श्वास ओढायला जड, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि नायट्रोजनची गुंगी चढते ती वेगळी. रणगाडे दोन पाहिले की तीन, हे वर आल्यावर आठवत नाही. ज्यांना ही डाइव्ह नीट करायची आहे त्यांनी टेक्निकल डाइव्हिंगचं शिक्षण घ्यावं. दुहेरी सिलिंडरमध्ये २१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन. आणि २१ मीटरपासून वर वापरायला ५० टक्के ऑक्सिजनचं एक वेगळं सिलिंडर. हेलियम या बेटावर हवं तेव्हा मिळत नाही, महिनोन्‌महिने आधी कळवावं लागतं. बोटवाले पाच मीटरवर एक राखीव सिलिंडर लटकवतात, ते चांगलंच, पण त्याच्या भरवशावर बेत आखायचा नाही. दोर सापडला नाही तर ते सिलिंडर असून नसल्यासारखं. खोल डाइव्ह दिवसातली पहिली ठेवावी, आणि दुपारी एतेनजवळ पडलेलं बेट्टी बॉम्बर विमान घ्यावं. ते वीस मीटरच्या आतच आहे, आणि त्याची इंजिनं तुटून पुढे फेकली गेलेली दिसतात.

हात लावू नये अशा गोष्टी बऱ्याच आहेत. तोफगोळे आणि सुरुंगांमधली दारू अजून जिवंत असू शकते. जुनं पिक्रिक आम्ल धातूशी संयोग पावून नुसत्या धक्क्यानेही फुटू शकतं. यामागिरी मारूमध्ये यामातो आणि मुसाशी या युद्धनौकांसाठीचे ४६ सेंटिमीटरचे गोळे पडलेले आहेत, ते लांबूनच बघायचे. विमानाच्या इंधनाची पिंपं कधीकधी झिरपतात. मास्कच्या कडेला किंवा ओठांना चुरचुर जाणवली की त्या होल्डमधून लगेच बाहेर पडावं आणि वर आल्यावर गोड्या पाण्याने धुवावं. काही जहाजांत माणसांच्या अस्थी अजून आहेत. फोटोसाठी बाटल्या, चिनी मातीची भांडी, बूट मांडून ठेवलेले दिसतात, ते आधीच्या कोणीतरी गोळा करून ठेवलेले असतात. आपण त्यात भर घालू नये.

डाइव्हिंग अर्ध्यावर सोडावं लागतं ते बहुतेक कानामुळे. कोमट पाणी, दिवसाला चार वेळा भिजणं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान ठणकतो. कानाचा पडदा शाबूत असेल तर ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोलचे थेंब रोज शेवटच्या डाइव्हनंतर, दुखण्याची वाट न पाहता. डॉक्टरांना विचारून ते घरूनच न्यावेत. गंजाने कापलेलं लगेच चिघळतं. धनुर्वाताची लस ताजी असावी, हातमोजे असावेत. नळाचं पाणी पिऊ नये. वीज ११० व्होल्टची आणि अमेरिकन पिनची आहे, दिव्याचे चार्जर आधी तपासावेत.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास, आणि थांबे घेऊन केलेल्या खोल डाइव्ह असतील तर त्याहून जास्त. आम्ही सरसकट २४ धरतो. तो दिवस सामान गोड्या पाण्यात बुडवून वाळवण्यात आणि वेनो फिरण्यात जातो. इथली झेवियर हायस्कूलची जाड भिंतींची इमारत जपान्यांचं संदेशकेंद्र होती, ती बघण्यासारखी आहे. आयलंड हॉपरमध्ये वजनापायी सामान मागे राहू शकतं, तेव्हा रेग्युलेटर, कॉम्प्युटर, मास्क आणि दिव्यांच्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या पिशवीत. विमान आठवड्यातून मोजक्याच वेळा येतं आणि उशीरही करतं. ग्वामहून पुढचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर मध्ये एक रात्र मोकळी ठेवावी.